लाला व जठररस
तोंडातील लाला ग्रंथींपासून पाझरणाऱ्या स्रावास लाला (लाळ) आणि जठराच्या श्लेष्मकलेतील (बुळबुळीत अस्तरातील) ग्रंथींच्या स्रावास जठररस म्हणतात. निरोगी प्रौढ व्यक्तीत दररोज सु. अर्धा ते दीड लिटर लाला व दोन ते अडीच लिटर जठररस तयार होतो. त्यातील जवळजवळ सर्व पाणी व लवणे पुढे आतड्यात परत शोषली जातात, त्यामुळे एवढ्या मोठ्या उलाढालीची जाणीव माणसास होत नाही. वारंवार उलट्या होऊ लागल्या म्हणजे मात्र ती होते. आयुर्वेदात तोंडातील बोधक कफ, आमाशयातील क्लेदक कफ व पाचक पित्त अशी जी विभागणी केली आहे, तीत ओलावा देणारा व अन्न पचविणारा हे दोन्ही अंश वेगळे ओळखलेले दिसतात. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाने त्यात जी मोलाची भर घातली ती ही की, हे स्राव आपोआप झिरपत नाहीत. ते आज्ञेवरून तयार होतात आणि आज्ञेवरून थांबतात. या आज्ञा कोठून निघतात व त्यांना आवर कोण घालतो, हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

लाला ग्रंथी : कानाखाली व पुढे असणाऱ्या अनुकर्ण ग्रंथी, खालच्या जबड्याच्या आतील बाजूच्या अधोहनू ग्रंथी व जिभेखालील अधोजिव्हा ग्रंथी अशा मोठ्या लाला ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. गालगुंड या रोगात सुजतात त्या अनुकर्ण ग्रंथी. यांशिवाय ओठ, गाल, टाळू व जीभ यांच्या श्लेष्मकलेत शेकडो लहान ग्रंथी विखुरलेल्या असतात. अनुकर्ण ग्रंथींचा स्राव पाण्यासारखा पातळ व एंझाइमयुक्त (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाने युक्त), अधोजिव्हा ग्रंथींचा चिकट, तर अधोहनू ग्रंथींचा संमिश्र असतो. काहीही खात नसताना तोंड ओले ठेवणारी लाळ बव्हंशी अधोहनू ग्रंथींची असते. चर्वण सुरू होताच अनुकर्ण ग्रंथींचा वाटा झपाट्याने वाढतो. झोपेत स्रवण जवळजवळ थांबते. सकाळी तोंडास वास येण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

लाळेत ९९ टक्क्यांहून अधिक पाणी असते. उरलेल्या अल्प भागात टायालीन (लाला अमायलेज) हे पिष्टाचे माल्टोज शर्करेत रूपांतर करणारे एंझाइम, घास निसरडा करणारे म्युसीन, जंतूंना आवर घालणारी लायसोझाइम व प्रतिपिंडे आणि दातांच्या एनॅमलाची झीज भरून काढणारी कॅल्शियम व फॉस्फेट लवणे असतात. ज्वारीची भाकरी सावकाश चावत राहिल्यास ती किंचित गोड लागू लागते, ती टायालिनामुळे. घास गिळल्यावर हे कार्य संपत नाही. जठराच्या वरच्या भागात अन्नाचा गोळा काही काळ तसाच राहतो व त्याच्या गाभ्यापर्यंत अम्ल झिरपेपर्यंत पिष्टाचे पचन चालूच असते. तथापि लाळेचे खरे महत्त्व पचनापेक्षा संरक्षणात आहे. ज्यांच्या लाला ग्रंथी किरणोपचाराने किंवा रोगाने निकामी होतात त्यांचे पिष्टपचन अग्निपिंडाच्या स्रावामुळे सुरळीत चालते, परंतु दात भराभर किडतात, गिळणे अवघड होते व चवही मंदावते.

लालेचे उत्पादन : लाळ म्हणजे रक्तातून गाळला गेलेला द्रव, अशी दीर्घकाळ समजूत होती. १८५१ च्या सुमारास कार्ल लूटव्हिख या जर्मन शरीरक्रियावैज्ञानिकांनी ग्रंथीकडे जाणारी तंत्रिका (मज्जा) उद्दीपित केली, तेव्हा लालावाहिनीतील दाब रोहिणीतील रक्तदाबापेक्षाही जास्त झाल्याचे आढळले. गाळलेल्या द्रवाचा दाब ज्यातून तो गाळला गेला त्याच्यापेक्षा अधिक असूच शकत नाही. म्हणजे ग्रंथी स्वतः ऊर्जा खर्च करून काम करते, हे सिद्ध झाले.

हे काम दोन टप्प्यांत होते. ग्रंथीच्या टोकाशी असलेल्या द्राक्षाच्या घडासारख्या कोष्ठकांतील कोशिका क्लोराइड आयन (विद्युत् भारित अणू) आतील पोकळीत सोडतात, त्यांपाठोपाठ सोडियम व पाणी येते. हा प्राथमिक द्रव रक्तद्रवाइतकाच खारट असतो. तो वाहिनीतून पुढे सरकताना वाहिनीच्या कोशिका त्यातील सोडियम व क्लोराइड परत घेतात आणि पोटॅशियम व बायकार्बोनेट घालतात. वाहिनीची भिंत पाण्यास जवळजवळ अभेद्य असल्याने पाणी मात्र मागे फिरू शकत नाही. परिणामी तोंडात येणारी लाळ रक्तापेक्षा पुष्कळच कमी खारट असते. लाळ वेगाने वाहू लागली की मीठ परत घेण्यास वाहिनीला पुरेसा वेळ मिळत नाही, म्हणून चर्वणाच्या वेळची लाळ अधिक सोडियमयुक्त व अधिक क्षारीय असते. या क्षारीयतेमुळे दातांवरील अम्ल निष्प्रभ होते.

या व्यवस्थेचा एक फायदा सहसा लक्षात येत नाही. जीभ सदैव अल्पलवणी द्रवात बुडालेली असल्यानेच तिला थोडेसे मीठही जाणवते. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागापासून अकोला व अमरावती जिल्ह्यांपर्यंत पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो खारपाण पट्टा पसरलेला आहे, तेथील विहिरीचे पाणी परगावच्या माणसास पहिल्या घोटालाच खारट लागते. लाळ रक्ताइतकी खारट असती, तर पाण्यातील तेवढा फरक जिभेला कळला नसता.

लालेचे नियंत्रण : पचनसंस्थेच्या इतर स्रावांच्या नियंत्रणात तंत्रिका व हॉर्मोने या दोहोंचा वाटा असतो. लालास्रवणाची सुरुवात व थांबणे मात्र सर्वस्वी तंत्रिकांच्या हाती आहे; हॉर्मोनांचा परिणाम फक्त तिच्या घटकांच्या प्रमाणावर होतो. अन्न तोंडात येताच चव, स्पर्श व चर्वणाचा दाब यांच्या संवेदना मस्तिष्क स्तंभातील लालाकेंद्रांकडे जातात व तेथून परानुकंपी तंत्रिकांद्वारे आज्ञा परत येते. आनन तंत्रिकेची शाखा अधोहनू व अधोजिव्हा ग्रंथींना, तर जिव्हा-ग्रसनी तंत्रिका अनुकर्ण ग्रंथीला उद्दीपित करते. तंत्रिकेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटते व त्याच्या प्रभावाने पातळ, विपुल लाळ वाहते. अनुकंपी तंत्रिकांच्या उद्दीपनाने थोडी परंतु प्रथिनयुक्त, चिकट लाळ मिळते. इतर बहुतेक इंद्रियांत या दोन संस्था परस्परविरोधी असतात, येथे त्या एकाच दिशेने काम करतात.

चिंचेच्या नुसत्या आठवणीने तोंडाला पाणी सुटते. यात अन्नाचा तोंडाशी संबंधच येत नाही. पूर्वानुभवाने मेंदूच्या बाह्यकात जोडला गेलेला हा अभिसंधित प्रतिक्षेप होय. चिंच कधीच न चाखलेल्या माणसात तो आढळणार नाही. उलटपक्षी भीतीने तोंडाला कोरड पडते, कारण वरच्या केंद्रांकडून लालाकेंद्रांचे दमन होते. प्राचीन भारतीय न्यायपद्धतीतील तंडुल दिव्यात चोरीचा संशय असलेल्या माणसास तांदूळ चावून पानावर थुंकावयास लावीत व त्यात रक्त दिसल्यास किंवा त्याचे अंग कापू लागल्यास त्यास दोषी मानीत. कोरड्या तोंडात तांदळाने हिरड्या सोलवटणे शक्य असल्याने या विधीला काहीसा शारीरिक आधार होता असे म्हणता येईल. परंतु भय निरपराध माणसालाही वाटते, आणि निर्ढावलेल्यास वाटत नाही. पुरावा म्हणून त्याचे मोल शून्य होते.

ॲसिटिलकोलिनाची नक्कल करणारे व त्याला अडविणारे असे दोन्ही प्रकारचे पदार्थ आपल्या परिसरातील वनस्पतींत आहेत. सुपारीतील अरेकोलीन हे अल्कलॉइड ग्रंथीवरील त्याच ग्राहींना (संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंना) चिकटते. विडा खाणाऱ्याचे तोंड सतत भरून येते ते काही अंशी यामुळे. धोतऱ्यातील ॲट्रोपीनवर्गीय अल्कलॉइडे तेच ग्राही अडवून धरतात, म्हणून धोतऱ्याच्या विषबाधेत तोंड व घसा कोरडे ठाक पडतात. सुपारी, तंबाखू व चुना यांचा विदर्भात सर्रास खाल्ला जाणारा खर्रा प्रथम लाळ वाढवितो खरा, परंतु दीर्घ सवयीने गालाच्या अस्तराखाली तंतुमय ऊतक साचते, तोंड उघडेनासे होते व त्यातून पुढे कर्करोग उद्‌भवू शकतो.

शेतीप्रधान प्रदेशात या ज्ञानाला आणखी एक, जिवाशी संबंधित, बाजू आहे. खामगावची कापसाची बाजारपेठ एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे व बुलढाणा जिल्ह्यात कापूस अजूनही मोठ्या प्रमाणावर होतो. कापसावर फवारल्या जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट वर्गातील द्रव्ये ॲसिटिलकोलिनाचे विघटन करणाऱ्या एंझाइमास निकामी करतात. आज्ञा दिली जाते, पण ती पुसली जात नाही. त्यामुळे तोंडातून लाळ गळणे, दरदरून घाम, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या बारीक होणे, उलट्या व पोटात कळा ही लक्षणे एकापाठोपाठ दिसतात. लाळ हे यांतील सहज दिसणारे चिन्ह असले, तरी मृत्यू ओढवतो तो श्वासनलिकांत साचणाऱ्या स्रावांमुळे व श्वसनाचे स्नायू दुबळे झाल्यामुळे. उपचारात ॲट्रोपीन देतात, म्हणजे धोतऱ्यातील विषच येथे औषध ठरते, व फुप्फुसांतील स्राव आटेपर्यंत त्याची मात्रा वाढवीत नेतात. फवारणी करणाऱ्यास लाळ सुटू लागल्यास काम तत्काळ थांबवून, कपडे उतरवून, अंग साबणाने धुऊन त्यास विलंब न लावता रुग्णालयात हलविणे आवश्यक असते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या घटनांत निरनिराळ्या वर्गांतील कीटकनाशके गुंतलेली होती व सर्वच वर्गांवर ॲट्रोपीन लागू पडत नाही. म्हणून रुग्णाबरोबर कीटकनाशकाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी नेणे महत्त्वाचे असते.

जठररस : जठराच्या श्लेष्मकलेत लक्षावधी सूक्ष्म खळगे असून त्यांच्या तळाशी नळीसारख्या ग्रंथी उघडतात. त्यांतील भित्तीय कोशिका हायड्रोक्लोरिक अम्ल व आंतर घटक (ब१२ जीवनसत्त्वाच्या शोषणास आवश्यक असणारे प्रथिन) तयार करतात. प्रमुख कोशिका पेप्सिनोजेन हे निष्क्रिय प्रथिन स्रवतात व अम्लाच्या संपर्काने त्याचे पेप्सिनात रूपांतर होते. पेप्सीन अन्नातील प्रथिनांचे तुकडे करते. ते कोशिकेतच क्रियाशील झाले असते, तर कोशिकाच पचली असती. जठररसातील अम्ल हायड्रोक्लोरिकच आहे हे विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्ये दाखविले आणि पेप्सिनाचा शोध थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये लावला.

भित्तीय कोशिकेतून बाहेर पडणाऱ्या अम्लाचे पीएच मूल्य (अम्लता वा क्षारता दर्शविणारे मूल्य) एकच्याही खाली असते. रक्ताच्या मानाने त्यात हायड्रोजन आयन तीस-चाळीस लाख पटींनी अधिक असतात. याचे प्रमाण ध्यानात येण्यासाठी दुसऱ्या टोकाचे उदाहरण घेता येईल. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवरातील सरोवराचे पाणी सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेट यांमुळे तीव्र क्षारीय असून त्याचे पीएच मूल्य सु. दहा आहे [⟶ लोणार]. ते पाणी व जठरातील एक पीएच मूल्याचा रस यांच्यातील हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात एक अब्ज पटींचा फरक पडतो.

इतके तीव्र अम्ल तयार करण्याची रीत मोठी कौतुकास्पद आहे. कोशिकेत कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांच्या संयोगातून हायड्रोजन व बायकार्बोनेट आयन निर्माण होतात. कोशिकेच्या पटलातील एक प्रथिन, ज्याला प्रोटॉन पंप म्हणतात, ऊर्जा खर्चून हायड्रोजन आयन जठराच्या पोकळीत ढकलते व त्याच्या बदल्यात पोटॅशियम आयन आत घेते. बायकार्बोनेट विरुद्ध बाजूने रक्तात जाते व त्याच्या बदल्यात आलेले क्लोराइड अम्लाला मिळते. तेव्हा अम्लाच्या प्रत्येक कणामागे क्षाराचा एक कण रक्तात पडतो. भरपेट जेवणानंतर काही काळ रक्त व मूत्र किंचित क्षारीय होतात, त्यास क्षारीय भरती म्हणतात. पुढे ग्रहणीत (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) अग्निपिंडातून बायकार्बोनेट ओतले जाऊन हा हिशेब मिटतो. उलट्यांमधून अम्ल कायमचे बाहेर गेले, तर तो मिटत नाही व रक्तातील क्षार धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो.

जठर स्वतःलाच का पचवीत नाही? अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असून त्यात पृष्ठीय कोशिका बायकार्बोनेट सोडत असतात. पोकळीत पीएच मूल्य दोन असताना या थराच्या तळाशी ते सातच्या जवळपास असते. शिवाय पृष्ठीय कोशिका दर काही दिवसांनी नव्याने तयार होतात. हे संरक्षण प्रोस्टाग्लँडिने या द्रव्यांवर अवलंबून असते. ॲस्पिरीन व तत्सम वेदनाशामके त्यांची निर्मिती थांबवितात, म्हणून ती रिकाम्या पोटी व दीर्घकाळ घेतल्यास अस्तरावर व्रण पडू शकतात.

जठररसाचे नियंत्रण : ६ जून १८२२ रोजी उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर बंदुकीच्या गोळीने अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटास मोठी जखम झाली. विल्यम बोमाँट या लष्करी शल्यचिकित्सकाने त्याला वाचविले, परंतु जठराचे छिद्र बुजले नाही. त्या छिद्रातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून व रस बाहेर काढून बोमाँट यांनी अनेक वर्षे निरीक्षणे केली व १८३३ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. रागाने व त्रासाने अस्तराचे स्वरूप बदलते, असेही त्यांनी नोंदविले. सेंट मार्टिन या प्रयोगांना कंटाळून एकाहून अधिक वेळा निघून गेला होता, हे येथे सांगितले पाहिजे. शास्त्राच्या इतिहासात त्याचे नाव बोमाँट यांच्या बरोबरीने यावयास हवे.

मेंदूचा वाटा निश्चित केला तो रशियन शरीरक्रियावैज्ञानिक इव्हान पाव्हलॉव्ह यांनी. त्यांनी कुत्र्याची अन्ननलिका गळ्याशी बाहेर उघडली. कुत्रा अन्न खाई, पण ते जठरात न जाता बाहेर पडे. तरीही सु. पाच मिनिटांत जठररस वाहू लागे. प्राणेशा तंत्रिका (मेंदूपासून छाती व पोटातील इंद्रियांकडे जाणारी दहावी मस्तिष्क तंत्रिका) कापली असता तो वाहत नसे. या कार्याबद्दल त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अभिसंधित प्रतिक्षेपामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले असले, तरी पारितोषिक पचनावरील संशोधनासाठी होते, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते.

दर्शन, वास, चव व चर्वण यांनी सुरू होणाऱ्या या अवस्थेस शीर्ष अवस्था म्हणतात. जेवणातील एकूण अम्लस्रवणाचा सु. एकतृतीयांश भाग तीत होतो. बव्हंशी स्रवण त्यापुढील जठर अवस्थेत होते. जठर ताणले जाणे व वरण, दूध, मांस यांसारख्या पदार्थांतील प्रथिनांचे तुकडे यांमुळे जठराच्या खालच्या भागातील कोशिका गॅस्ट्रीन हे हॉर्मोन रक्तात सोडतात. गॅस्ट्रिनाची कल्पना जॉन एडकिन्स यांनी १९०५ मध्ये मांडली होती. परंतु अस्तरातील हिस्टामीनही अम्ल वाढविते असे आढळल्याने ती जवळजवळ सोडून देण्यात आली. १९६४ मध्ये ग्रेगरी व ट्रेसी यांनी डुकराच्या जठरातून शुद्ध गॅस्ट्रीन वेगळे केले तेव्हा एडकिन्स खरे ठरले. आणि हिस्टामीनवादीही चुकले नव्हते, कारण गॅस्ट्रीन मुख्यतः शेजारच्या कोशिकांकडून हिस्टामीन सोडवून घेऊनच भित्तीय कोशिकेला कामास लावते. ॲसिटिलकोलीन, गॅस्ट्रीन व हिस्टामीन हे तीन संदेश एकत्र आले म्हणजे परिणाम त्यांच्या बेरजेहून अधिक होतो, व त्यांतील एक अडविला तर इतर दोघांचाही जोर ओसरतो.

आवर घालणारी यंत्रणा तितकीच महत्त्वाची आहे. अन्नातील प्रथिने सुरुवातीस अम्ल शोषून घेतात. अन्न पुढे सरकून जठराच्या खालच्या भागातील पीएच मूल्य तीनच्या खाली आले की तेथील कोशिका सोमॅटोस्टॅटीन सोडतात, त्यामुळे गॅस्ट्रीन थांबते. अम्ल स्वतःच स्वतःला लगाम घालते. पुढे ग्रहणीत अम्ल पोहोचताच सिक्रेटीन व स्निग्ध पदार्थ पोहोचताच कोलेसिस्टोकायनीन ही हॉर्मोने सुटून अम्लस्रवण व जठर रिकामे होण्याची गती दोन्ही मंदावतात. तुपातेलाचे जेवण अंगावर येते ते काहीसे यामुळेच. बेलिस व स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये शोधलेले सिक्रेटीन हे प्रत्यक्ष प्रयोगाने सिद्ध झालेले पहिले हॉर्मोन असून ‘हॉर्मोन’ ही संज्ञाही स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केली.

अम्लविकार व उपचार : छातीत जळजळ झाली की अम्ल ‘वाढले’ असे म्हणण्याची रूढी आहे. पुष्कळ रुग्णांत अम्लाचे प्रमाण नेहमीचेच असते. अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडल्याने ते नको त्या ठिकाणी गेलेले असते. वऱ्हाडी ठेच्याची आग ही मिरचीतील कॅप्सेसिनाने वेदना-तंत्रिका उद्दीपित झाल्याची जाणीव होय, अम्लाची नव्हे. तिखटामुळे व्रण होतात असे सिद्ध झालेले नाही, मात्र असलेला दाह त्याने अधिक जाणवतो. ग्रहणी व जठर यांतील बहुसंख्य व्रण हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूच्या संसर्गाने किंवा वेदनाशामकांनी होतात. हा जंतू रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये उजेडात आणला व त्याबद्दल त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जठराच्या खालच्या भागातील संसर्गाने सोमॅटोस्टॅटीन घटते, म्हणजे वर सांगितलेला लगामच सैल होतो.

जळजळीवर खाण्याचा सोडा घेण्याची पद्धत जुनी आहे. सोडा हा लोणारच्या क्षारांच्याच कुळातला. पूर्वी त्या सरोवरातून हे क्षार काढले जात व काच आणि साबण यांसाठी त्यांचा उपयोग होत असल्याचा उल्लेख आईन-इ-अकबरीतही आहे. २०२० पासून ते सरोवर आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे रामसर पाणथळ क्षेत्र आहे. सोड्याने अम्लाचे उदासिनीकरण होते, कार्बन डाय-ऑक्साइड वायू सुटून ढेकर येतो व तात्पुरते बरे वाटते. परंतु पीएच मूल्य वर गेल्याने सोमॅटोस्टॅटिनाचा अंमल उठतो व गॅस्ट्रीन पुन्हा स्रवू लागते. शिवाय सोड्यातील सोडियम रक्तात जाते. उच्च रक्तदाब, हृदयविकार व मूत्रपिंडविकार असणाऱ्यांना ते अपायकारक ठरते. ज्यांच्या पिण्याच्या पाण्यातच लवणे अधिक आहेत, त्यांनी तर या सवयीपासून दूरच राहावे.

१९७६ मध्ये वापरात आलेले सिमेटिडीन हे औषध भित्तीय कोशिकेवरील हिस्टामीन-ग्राही अडविते. ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यानंतर ओमेप्राझोल व त्या वर्गातील औषधे आली. ती प्रोटॉन पंपच बंद पाडतात. तिन्ही संदेश शेवटी याच पंपावर येऊन पोहोचत असल्याने त्यांचा परिणाम अधिक खोल असतो. व्रण व रक्तस्राव यांवरील शस्त्रक्रिया त्यांच्यामुळे पुष्कळच कमी झाल्या. पण आज ही औषधे वैद्याच्या सल्ल्यावाचून महिनोन्‌महिने घेतली जातात, ते योग्य नव्हे. अम्ल घटले की गॅस्ट्रीन सतत वाढलेले राहते व हिस्टामीन सोडणाऱ्या कोशिकांची वाढ होते. त्यामुळे दीर्घकाळानंतर औषध एकाएकी बंद केल्यास काही आठवडे पूर्वीपेक्षाही जास्त अम्ल स्रवते, आणि रुग्ण औषधाशिवाय आपले चालत नाही असे समजून ते पुन्हा सुरू करतो. अन्नातील प्रथिनांपासून ब१२ जीवनसत्त्व सुटे होण्यास अम्ल लागते. ज्यांच्या शाकाहारात हे जीवनसत्त्व मुळातच केवळ दूध व दुग्धपदार्थांतून मिळते, त्यांच्यात अशा दीर्घ उपचाराच्या काळात रक्तातील त्याचे प्रमाण अधूनमधून तपासून घ्यावे लागते.